निखिलचा ओपॉसम

दोन हजार पाच-सहा साल असेल, मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला मुलाकडे होतो. त्याच्या ऑफिसातला निखिल पिंजरा घेऊन दारात उभा. "काका, वीकेंडपुरता सांभाळाल याला?"

वाकून पाहिलं. तोंड चिचुंद्रीचं, शेपूट उंदराची.

"उंदीर आहे हा! सुनेला दिवस गेलेत, घरात नको रे."

"अहो, ब्राझीलचा ओपॉसम आहे. कांगारूच्या नात्यातला."

"मग पिशवी दाखव."

"या जातीला पिशवीच नसते. शिवाय हा नर आहे, दुकानदार म्हणाला."

"असं? उलटा कर बघू."

निखिलनं उचललं. पोटाला वाटाण्याएवढी गुलाबी पिल्लं लोंबत होती. निखिल पांढराफटक पडला.

म्हटलं, "त्या दुकानदारावर माझा विश्वास नाही. पण बाळंतिणीला दारातून परत कशी पाठवू? ठेव."