श्वास न घेणारा गडी

कबड्डीवाला बॉक्सिंगमध्ये टिकेल का, हे मला परत विचारू नका. रविवारी सकाळी चामराजपेटला जाऊन मी त्याचं उत्तर घेऊन आलोय.

तिथे एका कानडी अण्णांची बॉक्सिंगची तालीम आहे. मी ऐटीत म्हणालो, "अण्णा, मी महाराष्ट्राकडून कबड्डी खेळलोय. समोरचा झडप घालायच्या आधी श्वास ओढतो, तो मला ऐकू येतो. ठोसेही तसेच चुकवीन."

"सरी. चढ रिंगमध्ये, मी आलोच," म्हणत ते फोन घ्यायला बाहेर गेले.

रिंगमध्ये एक किडकिडीत माणूस मुठी वर करून उभाच होता. मी कान टवकारून त्याच्या श्वासाची वाट बघत राहिलो. श्वास आलाच नाही, थेट ठोसा आला. डाव्या गालावर, बर्फासारखा गार.

मी खाली उतरून ओरडलो, "अण्णा, तुमचा माणूस श्वासच घेत नाही हो!"

दारातून आत येत अण्णांनी रिकाम्या रिंगकडे पाहिलं. मग माझा सुजलेला गाल नीट निरखला.

"तुझ्याआधी एक पोहणारा येऊन गेला, एक धावणारा येऊन गेला. त्यांना तिथे कोणीच दिसलं नाही, म्हणून परत पाठवलं. तू उद्यापासून ये."