ताईसाठी शिआनची खासगी ट्रिप

अरे, परवा लंडनमध्ये क्रॉयडनला ट्रामची वाट बघत होतो आणि तिथूनच चीनमधल्या गाइडला फोन लावला. ताई जाऊन महिनाही झाला नाही, पण तिला शिआन बघायचं होतं, म्हणजे मी जाणारच. आपल्याकडून बौद्ध ग्रंथ नेणाऱ्या भिक्खूचा पॅगोडा आहे तिथं.

गाइडबाईंनी विचारलं, "किती जण?"

"दोघं. मी आणि ताई."

"ताईंना पायऱ्या जमतील ना?"

"मला धाप लागेल, तिला नाही."

मग ताई गेली, हे सांगून टाकलं.

"सॉरी. मग एकाचंच बुकिंग करू?"

"नाही, दोघांचंच. गाडीत तिची सीट ठेवा. ग्रुप टूरवर चिडायची ती, माणसांना झेंड्यामागे पळवतात म्हणायची. म्हणून तर खासगी गाइड घेतोय."

बाई म्हणाल्या, "ताईंना सांगा, मी झेंडा आणणार नाही."