चाकांवरची ओली पोती

नाव कंचनगौरी धीरजलाल पिठवा, वय ५८, काम घरकाम व गाद्या शिवणे, राहणार सुतारवाडा, भावनगर.

ठाण्यात स्वतः येऊन, कोणी न शिकवता सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती धीरजलाल व मुलगा हर्षद असे राहतो. पती सुतारकाम करतात. दरबाराच्या जुन्या तबेल्यात १९१२ सालच्या सुमाराच्या मोटारीचा सांगाडा पडून होता, कोंबड्या त्यात अंडी घालत. पतींनी तो बैलगाडीवर लादून घरी आणला, तेव्हा हर्षद माझ्या पोटात होता. पुढे दोघे एकाच अंगणात वाढले. जास्त लाड कोणाचे झाले, ते मला विचारू नये.

पत्रा, लाकूड, पितळेचे दिवे, सगळे पतींनी हाताने उभे केले. गाद्या मी शिवल्या. चाके लाकडी होती. आतले आरे पतींनी बैलगाडीला घालतात तसे बाभळीचे केले. असे चाक कोरडे पडले की लाकूड आखडते आणि आरे खोबणीत खुळखुळतात. म्हणून रोज संध्याकाळी चारी चाकांवर ओली पोती टाकायची. पाणी मी वाहिले. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. माझी आंघोळ चुकली, चाकांची कधी चुकली नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय.

यंदा हर्षदने गाडी वरातींना द्यायला घेतली आणि दिवाळीपासून ती एका सराफाच्या थंड हवेच्या दुकानात शोभेला उभी केली. वरातींना ती तिथूनच जाई. पती त्याला माझ्यासमोर म्हणाले, "अरे, त्या यंत्राच्या हवेत लाकूड सुकून जाईल. रोज पोती तरी टाक."

हर्षद म्हणाला, "बापुजी, तिथं संगमरवर आहे. सोन्याच्या दुकानात गोणपाट? लोक हसतील."

"हसू देत. चाक बसलं तर कोण हसेल?"

"झालं तुमचं पुराण सुरू," असे म्हणून तो निघून गेला.

ज्या वरातीत अपघात झाला, तिच्या आदल्या संध्याकाळी पती भिजवलेली पोती आणि लाकडी हातोडा घेऊन दुकानी गेले. आऱ्यावर हातोडा हळू वाजवला की सैल आहे की घट्ट ते आवाजावरून कळते. घरी आल्यावर "दुकान बंद होतं" एवढेच बोलले आणि ओली पोती दोरीवर टाकली. हातोडा तिथेच राहिला म्हणून सकाळी मी आणायला गेले. दुकानाचा राखणदार म्हणाला, "काकी, मी त्यांना आत सोडलं नाही. तुमच्या मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, म्हाताऱ्याला रिक्षात कोंब आणि घरी पाठव. फोनचा आवाज मोठा होता. बापुजींनी ऐकलं." हातोडा त्याच्या स्टुलाखाली होता.

त्याच दिवशी वरातीत घोघा दरवाजाजवळ वळताना गाडीचे पुढचे डावे चाक मोडून बसले. गाडी हर्षद चालवत होता. बाजूने ढोल वाजवत चाललेले ढोली रमजूभाई मीर यांचा पाय खाली आला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. नवरदेवाचा फेटासुद्धा हलला नाही. मी दवाखान्यात गेले, तेव्हा रमजूभाईंची बायको म्हणाली, "बेन, ढोल उभ्यानंच वाजतो." मला लाज वाटली. माझ्या घरातून अजून दुसरे कोणी तिथे गेलेले नाही.

हर्षदने इथे लिहून दिले की, बापाने रागापायी आदल्या संध्याकाळी हातोड्याने आरे सैल केले. राखणदार आता म्हणतो, म्हातारा आत गेला होता. त्याला नोकरी टिकवायची आहे. आणि पतींनी "होय, मीच केलं" म्हणून सही केली.

काल मी कोठडीत त्यांना भाकरी दिली. ते म्हणाले, "पोराचं अजून लग्न व्हायचंय. तूही तसंच सांग."

मी म्हटले, "तुम्ही इथं मराल."

"ते बघू. इथं ठाण्याच्या आवारात गाडी उभी आहे ना, तिच्या तीन चाकांवर पोती टाकतेस ना?"

मी म्हटले, "नाही."

हर्षदचे लिहिलेले ऐकून डोळ्यांत पाणी न आणलेला हा माणूस त्यावर रडला. भाकरी तशीच राहिली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मलाही कळते. तरी सांगते, पतींची कबुली खोटी आहे. त्यांनी मुलावर हात उचललेला मी पाहिला आहे, त्या चाकांवर कधी नाही. आरे कोणी सैल केले नाहीत, ते पाण्यावाचून सुकले. पोती टाकायला गेलेल्या बापाला माझ्या मुलाने हाकलले आणि सांगून ठेवले असतानाही तीच गाडी रस्त्यावर काढली. रमजूभाईंचा पाय हर्षदमुळे गेला. तो माझा एकुलता एक मुलगा आहे.

हे सर्व मला माझ्या भाषेत वाचून दाखवले. हर्षद दाराबाहेर उभा होता, म्हणून मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावले. त्याने ऐकले. मी सांगितले तसेच आहे, एक शब्दही बदलायचा नाही.