बिरूमामाची शिट्टी

आंधळ्याला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं कौतुक मला सांगू नका हो! सोलापुरात टांगे धावत होते, तेव्हा आमच्या अण्णांकडे तसा कुत्रा होता. देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले आणि मोहोळच्या बिरूमामा धनगरानं स्वतःच्या डोळ्यांवर पटका बांधून कळपातला काळ्या त्यांच्यासाठी शिकवला. देताना मात्र अट घातली, "म्हयन्यानं येतो. माज्या शिट्टीला तुमाला सोडून पळाला, तर माघारी नेनार."

महिन्यानं तो आला. अण्णा काळ्याची दोरी धरून भर रस्त्यात होते, तेवढ्यात पलीकडून शिट्टी वाजली. काळ्याचे कान टवकारले, शेपटी हलायला लागली. पण तो कुईंकुईं करत अण्णांच्या पायाला चिकटूनच राहिला. आधी टांगा जाऊ दिला, अण्णांना पलीकडे पोचवलं, मगच बिरूमामाच्या अंगावर झेपावला.

अण्णा हसून म्हणाले, "काय रे बिरू, तुझी शिट्टी विसरला वाटतं हा?"

"इसरतोय कुटला! ऐकली, पर मानली न्हाय." पटक्यानं डोळे पुसत बिरूमामानं छाती काढली. "आपलंच न ऐकनारं कुत्रं तयार करायला लई अक्कल लागती, अण्णा!"