एका गोधडीत

(खोडदजवळच्या वस्तीवर, भर दुपारी. ओट्यावर भागू आणि तिची सासू कुशाबाई टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरताहेत.)

भागू : ते बीट नव्हतं, आत्याबाई.

कुशाबाई : कशाचं बीट?

भागू : चार वर्सांमागं मोरीत लाल पाणी दिसलं तवा तुमी म्हनला, थोरल्याच्या वरच्या घरी बीट खाल्लं. आज सकाळी माझ्या आरोहीचं तसंच झालं. काल दवाखान्यात गोळी देतानाच सिस्टर बोलली व्हती, लघवी लाल व्हईल, घाबरू नका.

कुशाबाई : तो टोमॅटो नासका हाय. बाजूला टाक.

भागू : टोमॅटोचं ऱ्हाऊ द्या. दर महिन्याला एकदा बीट खायचा व्हय तुमी?

कुशाबाई : चार महिनेच.

भागू : म्हंजे?

कुशाबाई : थोरला सयाजी गोळ्यांची पाकिटं आनून द्यायचा. मग त्याच्या स्नेहलचं लगीन ठरलं. थोरली म्हनली, बास आता, डाग पुसट झालेत. कुनाच्या नजरंला पडलं तर सोयरीक मोडंल.

भागू : म्हंजे आरोहीला झालाय तो महारोग आदी तुमाला झाला व्हता.

कुशाबाई : हळू बोल गं. पलीकडं ऐकतील.

भागू : ऐकू द्या! भावजी तुमचं गाठोडं घिऊन आलं तवा काय म्हनलं? "आईला धाकट्याची लई वढ लागलीय." आन मी खुळी, पुरनपोळी केली त्या दिशी.

कुशाबाई : लई मऊ झालती.

भागू : काल सिस्टर इचारीत व्हती. खोल्या किती? एक. खिडकी? न्हाई. झोपता किती? पाच. पोरीला दूध? म्हनलं, दूध डेअरीला जातं. म्हनली, दाटीत ऱ्हानाऱ्या, अर्धपोटी लेकरांना ह्याचा धोका जास्त. वरच्या घरात चार खोल्या हायेत, आत्याबाई. त्यातली एक तुमाला मिळंना?

कुशाबाई : स्नेहल व्हती ना तितं. लग्नाची पोर.

भागू : आन माझी तवा सात वर्सांची. तुमच्या गोधडीत झोपायची.

कुशाबाई : थंडी वाजायची गं तिला. पत्रा रातचा गार पडायचा. मी काय मुद्दाम केलं?

भागू : भावजींनी तर मुद्दाम केलं ना?

कुशाबाई : तवा दवाखान्यातली बाई आलती, घरातल्या समद्यांना एकेक गोळी द्यायला, त्यांना व्हऊ नये म्हनून. थोरली म्हनली, म्हातारी आमच्यातच ऱ्हाते. धाकटा येगळा, त्याची चूल येगळी, रेशनकार्ड येगळं. बाईनं तसं लिवून घेतलं.

भागू : चूल येगळी! त्यांनी गोळ्या खाल्ल्या आन तुमाला आमच्यात आनून सोडलं. तुमी तितंच बसला व्हता?

कुशाबाई : खाटेवर.

भागू : मंगळवारी तव्याला आरोहीचा हात चिकटला. कातडं जळल्याचा वास मला आला, तिला काय बी कळलं न्हाई. पोर भाकरी थापीतच ऱ्हायली.

कुशाबाई : विठ्ठला...

भागू : बोटं दाखवा तुमची. पदराखाली नका घिऊ.

कुशाबाई : वयानं वाकलीत.

भागू : उद्या सकाळच्या जीपनं आरोहीसंगं तुमी बी चला. पुऱ्या गोळ्या खाल्ल्या तर बरा व्हतो. सुरू केल्या की दुसऱ्याला लागत न्हाई.

कुशाबाई : स्नेहलच्या सासरी कळलं तर? दिवस गेलेत तिला.

भागू : अजून बी स्नेहलच!

कुशाबाई : बरं. येते.

भागू : खरंच येता?

कुशाबाई : येते. पन तितनं परत घरात घेशील नव्हं?

भागू : असं का इचारता?

कुशाबाई : आमच्या येळंला गावातल्या धर्माजीच्या आईला ह्याच रोगापायी वढ्याकाठी खोपटं बांधून दिलं व्हतं. लांबनं भाकरी फेकायची. मी बी फेकलीया. सयाजी म्हनला, भागूला कळू दिऊ नगं, तुजं बी तसंच करील ती.

भागू : पाय मोडला तवा तीन महिने तुमचं न्हानं-धुनं कुनी केलं?

कुशाबाई : तूच.

भागू : चौदा वर्सं तुमच्या समोर हाय मी. तरी भावजींचं खरं मानलं?

कुशाबाई : मानलं.