डॅरेलनं घासलेला खुंट

ओहायोतल्या पेंटबॉलच्या मैदानावर मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवायच्या बंदुका, तपासून घ्यायची रांग होती. डॅरेलचा मार्कर पिशवीत घालून त्याची बायको नोरीन उभी होती. पुढचे दोघं त्याच्या नव्या संघातले. तिला ओळखत नव्हते.

"माझ्या हॅमरचा खुंट बघ. चौकोनी, धारदार. खटक्यात कसा घट्ट बसतो. चाप ओढल्याशिवाय हॅमर सुटून गोळी उडायची नाही."

"आणि डॅरेलचा? साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा."

"झिजला कुठला, त्यानंच घासून गोल केलाय. म्हणे, चाप हलका होतो."

"झाला की. आता चाप ओढावाच लागत नाही, खुंट आपोआप सुटतो."

"परवा कप्तानाच्या पाठीत तीन गोळ्या. आपल्याच."

"घासला कशानं?"

"बायकोच्या नखं घासायच्या कानशीनं."

"आज नापास झाला तर फायनलला आपण चारच."

"चालेल. पाठी तरी शाबूत राहतील."

दोघांचे मार्कर पास करून तपासनीस म्हणाला, "पुढचा."

नोरीननं मार्कर टेबलावर ठेवला. दोघांनी तो ओळखला.

तपासनीसानं हॅमर मागं ओढून मार्करची मूठ दोनदा टेबलावर आपटली. गोळी सुटली नाही.

"खुंट नवा दिसतोय."

"चौकोनी. सकाळी मीच बसवला."

"पास. खेळणार कोण?"

"मी. डॅरेल गाडीत बाळाला सांभाळतोय. ते त्याला छान जमतं."