पायांची हजेरी

एकुआ : सत्तर साल असेल, मावशी.

अराबा : एकोणसत्तर. माझ्यापुढे सालं सांगू नकोस. जुलैत माणसं चंद्रावर उतरली आणि पाऊस सरता सरता आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांचे डोळे आले. लोक म्हणाले, चंद्राची धूळ खाली सांडली. म्हणून तर रोगाचं नाव अपोलो पडलं.

एकुआ : अजून तेच म्हणतात. परवा शाळेत चार मुलींचे डोळे आले, तर स्वयंपाकीण मला म्हणते, "मॅडम, अपोलो परत आला." आता नियम लिहायचे आहेत. मुख्याध्यापिकेच्या, मिस बेन्सिलच्याच खुर्चीत बसून लिहायचे, म्हणून आधी तुमच्याकडे आले. ते जुने कागद आहेत का तुमच्याजवळ?

अराबा : कागद कशाला? सात वर्षं त्या शाळेत नर्स होते मी, आणि ते दोन महिने सात वर्षांएवढे. तोंडपाठ आहेत. नियम पहिला, हात मिळवायचा नाही. दुसरा, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, समोरच्याच्या पायांकडे बघून बोलायचं.

एकुआ : हजेरीसुद्धा पायांवरून! आम्ही रांगेत चपला काढून उभ्या आणि मिस बेन्सिल खाली बघत नावं वाचतायत.

अराबा : हसू नकोस. उपमुख्याध्यापक दादझी खाली बघत चालले ते थेट पाण्याच्या टाकीवर. डोळे वाचले, नाक फुटलं.

एकुआ : पुढच्या आठवड्यात डोळेही आले की त्यांचे.

अराबा : आले. तिसरा नियम, ज्याचे डोळे लाल तो कोणीही असो, आजारी खोलीत. पुरे सात दिवस, आणि लाली जाईपर्यंत. चौथा, सोडायचं तर मुख्याध्यापिकेची सही. पाचवा, आजाऱ्याचा हात लागलेला कागद बाहेर आणायचा नाही, जाळायचा. सहावा, आजाऱ्यानं निरोग्याशी समोरासमोर बोलायचं नाही. सगळं चोख चाललं होतं. मग एका मंगळवारी सकाळी बाईंनी आरशात बघितलं.

एकुआ : मी शेजारच्या, आजारी मुलींच्या खोलीत होते, भिंतीला कान लावून. पण मला अर्धंच ऐकू आलं. खिडकीशी नक्की काय झालं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

अराबा : तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं, आणि जे मला ऐकू आलं नाही, ते बाईंनीच खूप पुढे सांगितलं. आता तूच मुख्याध्यापिका झालीस, तेव्हा ऐक.

(तो मंगळवार, दुपारी चार. आजारी खोलीची खिडकी. आत मिस बेन्सिल, बाहेर अराबा.)

मिस बेन्सिल : सिस्टर, पाच पावलं मागे. तुम्ही चारच गेलात.

अराबा : पाचव्या पावलावर गटार आहे, बाई.

मिस बेन्सिल : मग गटाराच्या पलीकडे. आणि माझ्या पायांकडे बघा.

अराबा : तुम्ही खिडकीत आहात. पाय भिंतीमागे आहेत.

मिस बेन्सिल : जिथे असावेत असं वाटतं, तिथे बघा.

अराबा : बघतेय. बाई, एकुआ अमिसाचं काय करायचं? उद्या केप कोस्टला शिष्यवृत्तीची परीक्षा. लॉरी सहाला सुटते. पोरीचे डोळे शनिवारपासून स्वच्छ आहेत, मी रोज तपासलेत. सोडायला तुमची सही पाहिजे.

मिस बेन्सिल : आणा कागद. नाही, थांबा. माझा हात लागला की?

अराबा : जाळायचा.

मिस बेन्सिल : दादझी सरांची सही घ्या.

अराबा : ते भांडारात खाट टाकून पडलेत. त्यांचाही कागद जळणार.

मिस बेन्सिल : मग मी तोंडी सांगेन.

अराबा : सहावा नियम, बाई. आत्ताही आपण बोलत नाही आहोत, असं धरून मी उभी आहे.

मिस बेन्सिल : बरोबर. नियम चांगला आहे. आणि हे काय आहे माझ्या खाटेखाली? सकाळपासून ओरडतंय.

अराबा : आचाऱ्याचा कोंबडा. शुक्रवारी खिडकीतून आत शिरला. शाळा-तपासनीस जेवायला येणार होते ना, त्यांच्यासाठीचा. बाहेर काढत होतो, तर तुम्हीच म्हणालात, "कोणीही म्हणजे कोणीही."

मिस बेन्सिल : मग त्याची लाली गेली की सोडा.

अराबा : कोंबड्याचे डोळे लालच असतात, बाई.

मिस बेन्सिल : ते नियमात लिहायला हवं होतं. आता वही माझ्याकडे आहे, म्हणजे ती बाहेर येऊ शकत नाही.

एग्या ताविया : आगो! येऊ का मध्ये? दोन शहाण्या बायका भिंतीशी बोलताना दिसल्या, म्हटलं विचारावं.

अराबा : एग्या, फाटकावर कोण आहे?

एग्या ताविया : फाटक कुठे पळून जातंय? त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. हे बघ पोरी, मला अपोलो येऊन गेला, पहिल्याच आठवड्यात. मी खिडकीला टेकून उभा राहिलो तरी चालतं. तुमची अडचण मी ऐकली. अख्ख्या शाळेनं ऐकली.

मिस बेन्सिल : सिस्टर, त्यांना सांगा, आजाऱ्याशी समोरासमोर बोलता येत नाही.

एग्या ताविया : समोरासमोर कोण बोलतंय? फाटकावर यायच्या आधी वीस वर्षं मी आमच्या गावच्या राजाचा ओक्यामे होतो. राजा पुटपुटायचा, मी त्याच्याकडे पाठ करून लोकांना सांगायचो. लोक मला सांगायचे, मी राजाला. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले, पण वीस वर्षांत एकदा समोरासमोर बोलले नाहीत. तुमचा सहावा नियम आमचे बापजादे पाळत आलेत, बाई.

मिस बेन्सिल : सिस्टर, यात नियम मोडतो का?

अराबा : मला तरी मोडताना दिसत नाही.

मिस बेन्सिल : मग त्यांना म्हणावं, पाठ करा.

एग्या ताविया : काठी लागेल. ओक्यामे काठीशिवाय उभा राहत नाही.

अराबा : ही घ्या. फरशी पुसायची आहे.

एग्या ताविया : माझ्या काठीच्या टोकाला सोन्याचा पक्षी होता.

अराबा : हिच्या टोकाला फडकं आहे.

एग्या ताविया : असू दे. आणि तोंड ओलं करायला घोटभर काही?

अराबा : दवाखान्यातलं स्पिरिट कुलपात आहे, एग्या. तिकडे बघूसुद्धा नका.

एग्या ताविया : बघत नाही. नाना, बोला.

मिस बेन्सिल : मला नाना म्हणू नका. मी राजा नाही.

एग्या ताविया : माझ्या पाठीमागे जो बसतो तो राजा. दुसरं काय म्हणू? बोला.

मिस बेन्सिल : सिस्टरना सांगा, एकुआ मागच्या बुधवारी दुपारी बाराला आत आली. सात दिवस उद्या बाराला भरतात. त्याआधी सोडता येणार नाही.

एग्या ताविया : सिस्टर अराबा, नाना म्हणतात, तुम्ही दिवसरात्र परक्यांच्या लेकींचे डोळे धुतलेत, तुमच्या हातांना कधी दुखणं न येवो.

मिस बेन्सिल : मी असं म्हटलं नाही.

एग्या ताविया : पोटात होतं. ओक्यामे राजाचा शब्द नागडा बाहेर नेत नाही, आधी कपडे घालतो. बोल पोरी, तुझं काय आहे?

अराबा : बाईंना सांगा, बारा वाजता परीक्षा संपलेली असेल. पुढच्या वर्षी एकुआचं वय बसत नाही. बाप नाही. आई किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवते. शिष्यवृत्ती गेली की पोर आईबरोबर त्या चुलीशी बसणार. मग अपोलोशिवायच तिचे डोळे जन्मभर लाल राहतील. तेव्हा कुठल्या खोलीत ठेवाल तिला?

एग्या ताविया : नाना, याला कपडे घालायची गरज नाही. तुम्ही ऐकलंत.

मिस बेन्सिल : ऐकलं. एग्या, हे बाहेर सांगायचं नाही.

एग्या ताविया : नाही सांगत.

मिस बेन्सिल : मी अकरा वर्षांची होते. आमच्या शाळेत गोवर आला. एका मुलीच्या घरी लग्न होतं, म्हणून तिला मुदतीच्या एक दिवस आधी सोडलं. माझी धाकटी बहीण तिच्याच बाकावर बसायची. एक दिवस, एग्या. मी रडत नाहीये. हे अपोलोचं पाणी आहे.

एग्या ताविया : हो नाना. अपोलोचंच.

मिस बेन्सिल : म्हणून सांगा, सात दिवस. एकही कमी नाही.

अराबा : काय म्हणतायत त्या? एवढा वेळ काय पुटपुटल्या?

एग्या ताविया : सिस्टर अराबा, नीट ऐका. नाना म्हणतात, सात दिवस, एकही कमी नाही. मुलगी बुधवारी आत आली. बुधवार एक. गुरुवार दोन. शुक्रवार तीन. शनिवार चार. रविवार पाच. सोमवार सहा. मंगळवार सात. आज मंगळवार. आज सूर्य बुडाला की सात भरले. उद्या पहाटे मुलगी लॉरीत.

मिस बेन्सिल : एग्या! बुधवार दुपार ते गुरुवार दुपार मिळून एक दिवस होतो!

एग्या ताविया : घड्याळात होत असेल. आपल्याकडे पोर जन्माला आलं तो दिवस पहिला. आठव्या दिवशी नाव ठेवतात, तेव्हा तोच वार फिरून आलेला असतो. तुमचं नावही असंच मोजून ठेवलं असणार, नाना. नियमात घड्याळ लिहिलंय का?

अराबा : नाही. "सात दिवस" एवढंच आहे.

एग्या ताविया : झालं तर.

अराबा : बाई? बाई, आहात ना तिथे?

एग्या ताविया : आहेत. विचार करतायत. करू दे. ओक्यामेचं बोलून झालं की राजापुढे दोनच वाटा. एक, सगळ्यांसमोर म्हणायचं, हा खोटं बोलला. मग मी काठी ठेवतो, किल्ली ठेवतो आणि गाठोडं बांधतो. दुसरी, गप्प राहायचं. मग मी बोललो तेच राजा बोलला.

मिस बेन्सिल : तुमचा राजा काय म्हणाला होता?

एग्या ताविया : म्हणाला, हा खोटं बोलला. म्हणून तर मी तुमच्या फाटकावर आहे.

मिस बेन्सिल : सिस्टरना सांगा, मुलीला आत्ता उन्हात आणा. दिव्याखाली नाही, उन्हात. मीठपाण्यानं डोळे धुवा, खालची पापणी ओढून बघा. कणभर लाली दिसली तरी परत आत.

अराबा : बघते, बाई. दोनदा बघते.

मिस बेन्सिल : आणि म्हणावं, लॉरीत कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस. पायांकडे बघ.

एग्या ताविया : सिस्टर, मुलीला सांगा, नाना म्हणतात, माझी लेक असती तर तिला असंच पाठवलं असतं. पेपर नीट लिही, आणि केंकी बांधून ने, उपाशी डोकं चालत नाही.

अराबा : बाई, हे तुम्ही म्हणालात?

मिस बेन्सिल : हो. म्हणाले.

अराबा : आणि कोंबडा?

मिस बेन्सिल : त्याचे डोळे लाल आहेत, सिस्टर.

* * *

एकुआ : म्हणजे ते लेकीचं एग्यांनी पदरचं घातलं होतं! चाळीस वर्षं मी समजत होते—

अराबा : ऐकलं नाहीस का? त्या "हो" म्हणाल्या. मग ते त्यांचंच.

एकुआ : पहाटे एग्यांनी फाटक उघडलं, तेव्हा तीच फडक्याची काठी हातात होती. मला वाटलं, फरशी पुसत असतील.

अराबा : त्यांनी ती कधी परत दिलीच नाही. मी तीनदा मागितली. पुढे तो राजा वारला, नव्यानं यांना मानानं बोलावून नेलं, सोन्याचा पक्षीही परत मिळाला. पण त्यांना निरोप द्यायला मी गावी गेले ना, तेव्हा शवाशेजारी दोन काठ्या ठेवल्या होत्या. लोक विचारत होते, ही दुसरी कुठल्या राजाची?

एकुआ : तुम्ही सांगितलंत?

अराबा : सांगितलं, की आमच्या.

एकुआ : दादझी सर?

अराबा : कुमासीला पुस्तकांचं दुकान काढलं. मरेपर्यंत मान ताठ ठेवून चालायचे, समोर मंत्री आला तरी खाली बघायचे नाहीत. आणि कोंबडा तुला आठवत असेलच.

एकुआ : आठवतो. मी निकाल सांगायला आले, तेव्हा तो त्याच खोलीत होता.

अराबा : चार वर्षं. सही कुणीच केली नाही. खोलीत आजारी नसले तरी तो असायचा. म्हातारा होऊन मेला, आचारी म्हणाला, आता शिजणार नाही. माझ्या मात्र डोळ्यांना त्या साली काही झालं नाही, आणि आता या मोतीबिंदूनं गाठलं. तुझा चेहरा मला धुक्यासारखा दिसतो.

एकुआ : मग नियमात काय लिहू, मावशी? सात दिवस लिहू?

अराबा : सात लिही. मोजायचे कसे, ते लिहू नकोस. बाईंकडे गेली होतीस ना तू, शेवटी?

एकुआ : गेले होते. सॉल्टपाँडला, भाचीच्या घरी होत्या. चेहरे ओळखत नव्हत्या, भाचीलासुद्धा "कोण आपण?" म्हणायच्या. मी समोर बसले, नाव सांगितलं नाही. त्या बराच वेळ खालीच बघत होत्या. उकाडा होता, मी चपला काढून ठेवल्या होत्या.

अराबा : तुझ्या डाव्या पायाची करंगळी वाकडी. हजेरीला सगळ्यांत आधी तूच ओळखू यायचीस.

एकुआ : हो. म्हणाल्या, "अमिसा, अजून इथेच? लॉरी सुटेल."